गादीचा पत्ता

हे सगळं एका हाताबद्दल आहे, म्हणून आधी तो हात सांगते.

आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी नि रुई वेगळी करतात त्या कारखान्यात, कापूस पाहायला एक माणूस होता. सगळे त्याला ग्रेडर म्हणायचे. शेतकऱ्याची गाडी काट्यावर आली की हा उठायचा, गाडीच्या पोटात खांद्यापर्यंत हात खुपसायचा आणि तळातून मूठभर कापूस ओढून काढायचा. मूठ दाबून पाहायची, सोडायची. मग त्यातली चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्यांत नि बोटांत धरून हळूहळू ताणायची, तुटेपर्यंत. तेवढ्यावर तो भाव बोलायचा. कापसावर पाणी मारलं असेल, खाली मागच्या सालचा पिवळा माल दडवला असेल, तर गाडीवाल्याकडं न पाहताच म्हणायचा, "ने वापस." वाद नाही, बडबड नाही. लोक चरफडायचे, शिव्या द्यायचे, आणि पुढच्या हंगामात पुन्हा त्याच्याच पुढं गाडी लावायचे.

त्याला शेत नव्हतं. शिक्षण सातवीपर्यंत. दोन मुली अमरावतीला खोली करून शिकत होत्या. जे काही होतं ते त्या हातांत होतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. थंडीत बोटं फुटू नयेत म्हणून रोज तेल चोळायचा. गरम चहाचा ग्लास कधी उजव्या हातात धरायचा नाही. मी एकदा चिडवलं, "काय हो भाऊ, नवरीचे हात हायेत का?" तर म्हणे, "बाई, तुमी तुमचा चष्मा फडक्यात गुंडाळून ठेवता, त्याले मी हासतो का?" 

मी त्या जिनिंगमध्ये हिशेब लिहायची. घर अमरावतीला, जिन दर्यापूरच्या रस्त्यावर. सकाळी एस.टी. धरायची, फाट्यावर उतरायचं, दिवसभर कापसाची धूळ खायची, संध्याकाळी परत. मालक मात्र अकोल्याला. तिथं बाजारात त्यांची गादी, म्हणजे पेढी. पांढरी चादर, लोड, तक्के, भिंतीवर पूर्वजांचे फोटो आणि कोपऱ्यात एक म्हातारा मुनीम. या गादीवर मोठ्या सेठचा फार जीव. आजोबांनी तिथं बसून धंदा उभा केला, म्हणून या घरात जे काही घ्यायचं ते गादीच्या पत्त्यावर. ट्रक गादीच्या पत्त्यावर, जिनचा वीजमीटर गादीच्या पत्त्यावर, सुनेची स्कूटीसुद्धा गादीच्या पत्त्यावर. दुसरा पत्ता लिहिला तर लक्ष्मी रस्ता चुकते, असं मोठे सेठ म्हणायचे, आणि आम्ही माना डोलवायचो. पगार तिथूनच यायचा ना.

मग पुण्याहून छोटे सेठ आले. म्हणजे पोरगा अकोल्याचाच, माझ्यासमोर नाक पुसत मोठा झालेला. पण पुण्यात काय शिकून आला कोण जाणे, येताना 'मले-तुले' तिकडंच विसरून आला. आल्याबरोबर त्यानं जिनच्या ऑफिसात काचेची केबिन केली. एका पांढऱ्या फळ्यावर बाण काढले. आम्हाला तो 'टीम' म्हणायला लागला. हमालांना टीम, फिटरला टीम, गेटवरच्या कुत्र्यालाही एक दिवस टीम म्हणेल असं वाटायचं. स्वतः महिन्यातून एकदा जिनवर यायचा, रुमाल नाकाला लावून. बाकीचे दिवस गादीवर एसी लावून बसायचा आणि तिथून आम्हाला शहाणपण शिकवायचा.

त्याच्या डोकशातून तो इंटरनेटचा फोन निघाला. आमचा जुना फोन दर्यापूरच्या एक्स्चेंजचा होता. खरखरायचा, पण लागायचा. तो काढून टाकला आणि तिथं चकचकीत काळं यंत्र आणून ठेवलं. एकच नंबर, तीन यंत्रं, आपसात बोलायला एकेक बटण. एक गादीवर, एक सेठनी अमरावतीला बांधलेल्या नव्या बंगल्यात, एक आमच्या जिनवर. "काकू, आता अंतर संपलं," तो मला म्हणाला. "अकोला काय, दर्यापूर काय, सगळं एकच." मी म्हटलं, "असं का? मंग माही एस.टी. बी वाचली म्हणा की." तो हसला. टोमणा कळायलाही काहीतरी लागतं, ते त्याच्याकडं नव्हतं.

त्या फोनचे सगळे फॉर्म त्यानंच भरले, गादीवर बसून. पत्ता कोणता टाकला ते सांगायला नको. या घराला एकच पत्ता येतो. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. वीजमीटरही अकोल्याच्याच पत्त्यावर होता, म्हणून वीज काही अकोल्याला जात नव्हती.

मोबाईलचं म्हणाल तर ते आमच्या गेटवरच्या कपाटात कुलपात असायचे. कापसाच्या गंजीजवळ मोबाईल न्यायचा नाही, विडी न्यायची नाही, असा जिनचा नियम. आगीची भीती असते, त्या नियमाला मी नावं ठेवत नाही.

थंडीचे दिवस होते. जेवणं झाली होती, मशीनं पुन्हा सुरू झाली होती. वलगावकडचा एक शेतकरी टेम्पो भरून कापूस घेऊन आला होता. ग्रेडरनं त्याचा माल हलका ठरवला आणि तो भडकला. "तुमी वरवर पाहून रायले भाऊ. माह्या मालाची रुई काढून पाहा, मंग बोला." एरवी ग्रेडरनं अशाला धूप घातली नसती. त्या दिवशी काय झालं, म्हणाला, "चाल, दाखवतो." त्याचा थोडा कापूस मशीनवर घातला. पुढून रुई पडायला लागली, ती खाली पडायच्या आधीच त्यानं ओढून घ्यायला हात घातला. रोज घालायचा. त्या दिवशी मशीनच्या फिरत्या रुळांनी रुईसोबत बोटं घेतली.

फिटरनं धावत जाऊन मशीन बंद केलं. मी ऑफिसातून पळत गेले तेव्हा चौघांनी त्याला धरून बाहेर आणलं होतं. फिटरनं मनगटाच्या वर सुतळी आवळून बांधली होती. हाताभोवती कोणीतरी दुपट्टा गुंडाळला होता आणि तो लाल होऊन टपटपत होता. माणूस शुद्धीवर होता. मला पाहून म्हणाला, "बाई, बोटं हायेत का?" माय वं! मी काय सांगणार होते? मी म्हटलं, "हायेत भाऊ, हायेत, तिकडं नका पाहू." होती. पण कशी होती ते मी लिहीत नाही.

मी फोनकडं धावले. मदतीचा नंबर दाबला. तिकडून एका पोरीचा आवाज आला, गोड, शिकवलेला. मी ओरडून सांगितलं, जिनिंगमधी माणसाचा हात मशीनमधी गेला, दर्यापूरच्या रस्त्यावर हाय जिन, लवकर गाडी पाठवा. ती म्हणाली, "मॅडम, शांत राहा. तुमचा पत्ता माझ्यासमोर दिसतो आहे. जवळची गाडी निघते आहे." मी पुन्हा म्हटलं, "दर्यापूर रोड, माय." ती म्हणाली, "हो मॅडम, पूर्ण पत्ता आला आहे. पेशंटला हलवू नका." तिला काय दोष देऊ? तिच्या पडद्यावर जे भरून ठेवलं होतं तेच तिला दिसलं. मला वाटलं, यंत्र चांगलं हाय लेकाचं, न सांगता पत्ता समजते.

मग गादीचं बटण दाबलं. मालकाला सांगायला नको? छोटे सेठनं उचलला. फोन स्पीकरवर होता, दाराशी सगळे हमाल, फिटर, तो वलगावचा शेतकरी, सगळे उभे. शेतकऱ्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं टेम्पोतला उरलेला कापूस तिथंच मातीत लोटून दिला होता आणि टेम्पो दाराला लावला होता. "टाका बाई याईले गाडीत," तो म्हणत होता. "दर्यापूर इथीच तं हाय. कायची वाट पाहून रायले?"

छोटे सेठला ते फोनवर ऐकू गेलं. "नाही नाही नाही! टेम्पोत वगैरे अजिबात टाकू नका," तो ओरडला. "काकू, कोणाला हात लावू देऊ नका. अँब्युलन्समध्ये सगळी सोय असते. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची? मी लाइनवर आहे."

मी म्हटलं, "सेठ, रक्त जाऊन रायलं."

"काकू, प्रोसिजर असते," तो म्हणाला.

अंगाचा तिळपापड झाला माझा. पण मालकाचा आवाज भरल्या ऑफिसात घुमत होता. फिटरनं हात मागं घेतला, हमालांनी मान खाली घातली. ग्रेडर ऑफिसातल्या बाकावर पडला होता. उजवा हात त्यानं डाव्या हातात धरून छातीवर घेतला होता. सुतळीच्या खालचा भाग काळानिळा पडायला लागला होता.  नुसता दाराकडं बघत होता, गाडी येते का.

आम्ही थांबलो. थांबतच राहिलो. रस्त्यावरून एक एस.टी. गेली, उसाचा एक ट्रॅक्टर गेला. शेतकरी गेटपर्यंत जायचा नि परत यायचा. आणि मग एकदम फोनमधून छोटे सेठचा आवाज आला, आनंदानं फुटलेला.

"आली! आली! काकू, अँब्युलन्स आली!"

सगळे गेटकडं पळाले. मीही पळाले, साडी सावरत. रस्त्यावर काळं कुत्रं नव्हतं. डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. शेतकरी तर रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. मी धापा टाकत परत आले.

"सेठ, कुठी आली?"

"अहो काय कुठं? दारात उभी आहे! दोघं उतरतायत, स्ट्रेचर पण काढलं."

"कोणाच्या दारात?"

 तिकडून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते, बाजार ऐकू येत होता. मग मागून मुनीमाचा आवाज आला, "सेठजी, हे लोकं इचारून रायले, पेशंट कोठी हाय?"

आणि तो भैताड मला विचारतो, "काकू, पेशंट कुठंय?"

मी त्याला काय म्हटलं ते इथं लिहिता येत नाही. इतकी वर्षं त्या घराचं मीठ खाल्लं, पण त्या दिवशी जे तोंडातून निघालं ते फिटरनंही कधी ऐकलं नसेल. फोन तसाच टेबलावर आपटला. आतून तो "हॅलो, हॅलो, काकू, रागावू नका" करत होता.

ग्रेडरला आम्ही उचलून टेम्पोत घातलं. मी बाजूला बसले, त्याचा हात वर धरून. खाली जो काही कापूस चिकटून राहिला होता तो लाल होत गेला. रस्त्यात त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "बाई, त्याचा माल खरंच हलका होता." टेम्पो चालवणाऱ्या शेतकऱ्याला ऐकू गेलं असेल. तो ढसाढसा रडत गाडी हाणत होता.

दर्यापूर इतकं जवळ होतं की मला संताप आला. आम्ही त्या ऑफिसात बसून जितका वेळ घालवला त्यात जाऊन परत आलो असतो. तिथल्या डॉक्टरांनी हात धुतला, सुतळी कापली, दुसरी पट्टी बांधली आणि लगेच त्यांच्या गाडीतून अमरावतीला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. अमरावतीच्या सर्जननं रात्र होण्याआधी अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं काढून टाकली. मला बाहेर येऊन सांगितलं, बोटं तशीही गेलीच असती. पण इतका वेळ रक्त अडून राहिलं नसतं तर अंगठा ठेवता आला असता. अंगठा! ज्याच्याशिवाय रुई धरताच येत नाही तो. ग्रेडरच्या दोन्ही मुली बाकावर बसल्या होत्या. त्यांना हे ऐकू येऊ नये म्हणून मी मध्ये उभी राहिले, पण मोठीनं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी छोटे सेठ फळांची टोपली घेऊन आले. प्लास्टिकचा कागद, वर लाल फीत. दवाखान्याच्या व्हरांड्यात मला बाजूला घेऊन म्हणाले, "काकू, चूक कोणाचीच नाही. सिस्टीमचा प्रॉब्लेम आहे." मी म्हटलं, "सिस्टीम म्हणजे कोण?" तेव्हा कळलं. फोन बसवायला आलेल्या माणसानं त्याला सांगितलं होतं की यंत्र जिथं ठेवाल तिथला पत्ता वेगळा भरा, कारण संकटात मदत त्याच पत्त्यावर निघते. नंतरही त्याच्या मोबाईलवर तसा मेसेज येऊन गेला होता. "मी म्हटलं, आमचं सगळं गादीवरच असतं," तो म्हणाला, अगदी सहज, घरची पद्धत सांगावी तसं. "बाबांना दुसरं चालत नाही ना."

मी त्या टोपलीतल्या सफरचंदांकडं पाहत राहिले. त्याचं तोंड पाहवत नव्हतं मला. असल्या माणसाचा राग करायलाही जीवावर येतं. दगडाला काय बोलणार? त्याला वाईट वाटत होतं, हे मी नाकारत नाही. पण त्याचं वाईट वाटणं म्हणजे गाडीखाली उंदीर आला तर वाटतं तेवढंच. पुसलं चाक, निघाले पुढं.

मोठ्या सेठनी मात्र सगळ्या अकोल्यात सांगितलं की आम्ही आमच्या माणसाला टाकलं नाही. खरंच नाही टाकलं. हात बरा झाल्यावर त्याला गेटवर खुर्ची दिली. लोकांचे मोबाईल घ्यायचे, कपाटात ठेवायचे, जाताना परत द्यायचे. उजव्या हाताला दोन बोटं उरलेली, करंगळी नि तिच्या शेजारचं. मोबाईल तो डाव्या हातानं घ्यायचा. उजवा हात पंच्याखाली. गाड्या आत जायच्या तेव्हा जुने शेतकरी सवयीनं मूठभर कापूस त्याच्यापुढं धरायचे, "पाहा ना भाऊ, जरासा." तो म्हणायचा, "आत जा, आत नवा मानूस हाय." नवा माणूस छोटे सेठच्या ओळखीचा. तो कापूस बोटाच्या टोकानं उचलायचा, आणि भाव गादीवर फोन करून विचारायचा. त्याच फोनवरून.

तो फोन तसाच होता टेबलावर. रोज माझ्या नजरेला पडायचा. मी छोटे सेठला विचारायचे, "सेठ, पत्ता बदलला का?" तो म्हणायचा, "प्रोसेसमध्ये आहे." पुन्हा विचारायचे. प्रोसेसमध्येच. आत मशीनं चालू होती, बायका रुई ओढत होत्या, पोटापाण्याला आलेले हात त्याच रुळांशेजारी फिरत होते. मला झोप लागायची नाही त्या विचारानं.

मग एक दिवस छोटे सेठ जिनवर आले, पेढे घेऊन. नाकाला रुमाल होताच. ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. ग्रेडरलाही गेटवरून मुद्दाम बोलावून आणलं, खुर्ची दिली. छोटे सेठ फळ्यापुढं उभे राहिले.

"टीम," ते म्हणाले, "मागं जे झालं त्यातून आपण शिकलो. बाबांना समजावणं सोपं नव्हतं, पण मी समजावलं. फोनचा पत्ता मी बदलला."

फिटरनं माझ्याकडं पाहिलं. मला खरंच बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? बापाशी भांडून पोट्ट्यानं एक तरी काम नीट केलं. ग्रेडरही जरा सावरून बसला.

"कोनता टाकला सेठ?" त्यानं विचारलं.

"अमरावतीच्या बंगल्याचा," छोटे सेठ म्हणाले. "गादी संध्याकाळी बंद होते ना काका. बंगल्यावर कसं, चोवीस तास कोणीतरी असतं. अँब्युलन्स आली तर दार उघडायला माणूस पाहिजे."

  ग्रेडरनं हातातला पेढा टेबलावर ठेवला. गेटच्या कपाटाची किल्ली खिशातून काढली, तीही ठेवली. मग पंचा बाजूला करून पहिल्यांदाच सगळ्यांसमोर तो हात वर केला.

"सेठ," तो म्हणाला, "तुमच्या बंगल्यातल्यायचे हात शाबूत राहतीन. ह्या बायायचं काय करता?"

आणि गेला. आम्ही खिडकीतून पाहिलं, तो गेटातून बाहेर पडला आणि फाट्याकडं चालायला लागला. छोटे सेठ पेढ्याचा डबा हातात धरून तसेच उभे. खरोखरच गोंधळले होते बिचारे. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "काकू, मी पत्ता तर बदलला. काकांना एकदम काय झालं?"